बांय कुणाची?

वाड्यावरचा

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, लांबला तर सांभाळून घ्या. शहर गोव्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. पालिकेतले अर्धे लोक ओळखीचे आहेत, उरलेले अर्धे नात्यातले.

आमच्या वाड्यावर (वस्तीत) एक बांय, म्हणजे विहीर आहे. चिऱ्यांची, गोल, कमरेएवढा कठडा, बाजूला कपडे आपटायची फातर. माझ्या लहानपणी पहाटे पाचला रहाट करकरायला लागायचा, आणि कोण आधी उठलं यावर दोन घरांत अबोला असायचा. मग नळ आले. रहाट कुणी नेला कळलं नाही. बांयत आधी निर्माल्य पडू लागलं, मग चवथीनंतरची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची), मग थर्माकोलची मखरं, आणि शेवटी कुणीतरी रात्रीच्या वेळी फोडलेल्या न्हाणीघराच्या लाद्या.

गेल्या मे महिन्यात नळ आटले. टँकरवाल्याला फोन करून करून कंटाळलेल्या चौदा घरांनी ठरवलं, बांय उपसायची. दोन रविवार गेले. पंप भाड्याने आणला, गाळ काढायला तीन माणसं लावली, बाकी सगळे आम्हीच. आतून काय काय निघालं ते सांगत बसत नाही. एक सायकल आणि सात मोबाइल, एवढंच. पण तळाचा झरा जिवंत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषभर पाणी! शेजारच्या ऐंशी वर्षांच्या मावशी काठीवर भार देऊन वाकून बघत राहिल्या होत्या.

मग जाळी बसवली. छोटा पंप बसवावा असं ठरलं. पंपाला वीजजोडणी हवी, जोडणीला ना हरकत दाखला हवा. इथून वरात सुरू झाली. एका कचेरीत म्हणाले, ही विहीर आमच्या यादीत नाही. दुसरीकडे म्हणाले, आम्ही नळाचं पाणी बघतो, विहिरीचं नाही. शेवटी नगर भूमापनाचा 'डी' फॉर्म काढला. पी. टी. शीटवर (भूमापनाच्या नकाशावर) इवलंसं वर्तुळ आहे, जागेचा चलता नंबर आहे, आणि नावाच्या रकान्यात कोमुनिदाद, म्हणजे गावकारांची जुनी सामायिक जमीन राखणारी संस्था. तिथे गेलो तर समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "बांय आमची, ते खरं. पण तुम्ही गावकार आहात का?" चौदातली दोन घरं गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतली आहेत. बारा नाहीत.

गावाला राखणदार देव असतो, वर्षातून एकदा त्याला नारळ देतो आपण. शहरातल्या असल्या गोष्टींना मालक सापडतो, राखणदार का सापडत नाही? आणि दुसरं. माझा भाऊ शहराच्या वेशीबाहेर पंचायतीत फ्लॅट घेऊन राहतो. तो ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला चार माणसांसमोर विचारू शकतो. मी कुठे उभा राहू?

गाळपंप

सात मोबाइलपैकी एखादा चालू होता का? माझा २०१६ साली त्याच भागात हरवलाय.

उतारा_एक_चौदा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आणि संतापजनक आहे.

७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) शहरांना प्रभाग समित्या दिल्या. कलम २४३-एस. पण सक्ती फक्त तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या पालिकांना. गोव्यात अशी एकही पालिका नाही. २०११च्या जनगणनेत मुरगाव आणि मडगाव दोन्ही लाखाच्या आत, पणजी महापालिका जेमतेम चाळीस हजार. म्हणजे ज्या दारातून शहरी माणसाने आत यायचं ते दार आपल्या मापाचंच केलेलं नाही. राज्याने मनात आणलं तर लहान शहरांतही समित्या करता येतात, घटना आडवी येत नाही. पण मनात कोण आणणार?

आता गंमत बघा. त्याच जनगणनेत गोव्याची बासष्ट टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. हे सगळे पालिकेत राहतात का? छे. पर्वरीच्या अंगाला सुकूर, पणजीला खेटून ताळगाव, फोंड्याला चिकटलेले कुर्टी आणि बांदोडा, ही जनगणनेच्या दृष्टीने शहरं, पण कारभार पंचायतीचा. तिथे १९९४चा पंचायतराज कायदा लागू, ग्रामसभा लागू. ताळगावात आठव्या मजल्यावर राहणारा माणूस ग्रामसभेचा सभासद आहे. पणजीच्या मळा भागात चार पिढ्या कौलारू घरात राहणारा नाही. त्याच्या हातात पाच वर्षांतून एकदा मतदान, आणि मधल्या काळात नगरसेवकाच्या घरी जाऊन बसणं.

२००५मध्ये जेएनएनयूआरएम ही केंद्राची शहर सुधारणा योजना आली तेव्हा पैशाबरोबर एक अट होती, राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा, मतदान केंद्राच्या पातळीवर क्षेत्रसभा भरवाव्यात. पणजी त्या योजनेतल्या शहरांत होती. पुढे काय झालं ते पणजीकरांनी सांगावं.

पहिल्या प्रश्नावर नंतर लिहितो, कोर्टाची वेळ झाली.

रुआ-द-ओरें

पणजीकर हजर. क्षेत्रसभा? आमच्याकडे सभा भरते ती सकाळी पाववाल्याच्या सायकलीभोवती.

पण बांयबद्दल एक आठवण. ऑगस्ट २०१९, कुर्टी-खांडेपारला ओपा पाणी प्रकल्पाची मुख्य जलवाहिनी फुटली. अर्धी तिसवाडी (पणजीचा तालुका) आणि फोंडा कित्येक दिवस कोरडे, बाहेर धो धो पाऊस आणि घरात थेंब नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या लोकांना अचानक आठवलं की मागच्या परसात विहीर आहे. झाकण म्हणून टाकलेला पत्रा उचलला, बादल्या निघाल्या, जिन्यात ओळखी झाल्या. ज्यांच्याशी सहा वर्षं 'हॅलो'पलीकडे बोललो नव्हतो त्यांच्या घरी फेणी प्यालो. पाणी आलं आणि पत्रा परत बसला. मी सुद्धा बसवणाऱ्यांत होतो, खोटं कशाला बोलू.

मानसकार

वाड्यावरचाबाब, धागा वाचून बरं वाटलं. मी तिसवाडीतल्या खाजनाच्या काठी वाढलेला, त्यामुळे जरा मागून सुरुवात करतो.

गावकारी, म्हणजे आजची कोमुनिदाद, पोर्तुगीजांनी आणली असं अनेकांना वाटतं. त्यांनी फक्त लिहून घेतली. १५२६ साली अफोंसो मेशियाने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज कागदावर उतरवले, तो 'फोराल'. म्हणजे व्यवस्था त्याआधी चालू होती, तीही अशी की परक्या सत्तेला ती मोडण्यापेक्षा वापरणं सोयीचं वाटलं. आज ज्या संहितेवर कोमुनिदाद चालते ती १५ एप्रिल १९६१ची. आठ महिन्यांनी गोवा मुक्त झाला, संहिता तशीच राहिली. आजही दोनशेच्या वर कोमुनिदादी आहेत, त्यांच्यावर म्हापसा, पणजी आणि मडगाव इथे तीन प्रशासक.

ही व्यवस्था चालायची कशी ते खाजनावर सगळ्यात चांगलं दिसतं. गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे, भरतीच्या पातळीखालची. बांध फुटला की शेत खारं, मग दोन-तीन पावसाळे गेल्याशिवाय भात नाही. म्हणून बांध हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. चिखल, पेंढा, चिरे घालून बांध, त्याला मानस. लाकडी दार, भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. शेतं दर तीन वर्षांनी पावणीवर (लिलावावर) जायची. आलेल्या पैशातून आधी बांध, मानस, देऊळ, वाट, आणि मग उरलं तर गावकारांना झोण, म्हणजे नफ्याचा वाटा. हा क्रम लक्षात ठेवा. आधी बांध, मग झोण. शेकडो वर्षांचं शहाणपण या चार शब्दांत आहे असं मला वाटतं.

मोडलं कसं? १९६४चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला आणि ते योग्यच होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण शेत कुळाकडे गेलं तेव्हा बांधाची जबाबदारी कुणाकडे, याचं उत्तर यायला १९७५ उजाडलं. त्या साली कुळांच्या संघटना करून त्यांच्याकडे बांध दिले. काही संघटना झकास चालल्या. काहींचं उत्पन्न उरलं फक्त मानशीवरच्या मासळीच्या पावणीचं. आता मासळी पकडणाऱ्या ठेकेदाराला खारं पाणी आत जास्त आलेलं हवं, भात लावणाऱ्याला कमी. पैसा ठेकेदाराचा. मानस रात्री कोण उघडतं ते सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि सभेत कुणी बोलत नाही.

तुमच्या बांयला पंप बसला आणि कुणी त्याच्यावर टँकर भरू लागला की तिथेही हेच होणार. आत्ताच नियम करा.

फोंडेकर_६७

मानसकारबाब, लिहिलंय सुंदर, पण एक घास घशात अडकला.

गावकारीच्या आठवणी काढताना लोक नेहमी बांध, मानस, झोण सांगतात. झोण कुणाला मिळायचा ते हळूच सांगतात. गावकाराच्या मुलग्याला. मुलीला नाही. त्याच गावात तीनशे वर्षं राहिलेल्या गावड्याला (इथल्या मूळ जमातीतल्याला) नाही, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला नाही. माझी आजी मुंडकार होती. भाटकाराच्या परवानगीशिवाय घराचे नळे (कौलं) बदलता येत नव्हते. एका पावसाळ्यात तिने गळक्या छपराखाली तांब्या-पातेली मांडून रात्री काढल्या, कारण भाटकार मुंबईला होता. १९७५ला मुंडकार कायदा झाला तेव्हा तिने पहिलं काय केलं, तर छप्पर शाकारलं. गावाचं सामायिक वैभव म्हणतात त्याच्यात तिचा वाटा एवढाच, की बांध फुटला तर मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या.

तेव्हा "तुम्ही गावकार आहात का?" हा जो प्रश्न कचेरीत विचारला गेला तो नवा नाही. शहरात सामायिक काही उभं करायचं असेल तर आधी हा प्रश्न पुसा. रक्ताच्या नात्यावर सभासद करणारी संस्था शहरात चालणार नाही, जिथे दर तिसरं घर भाड्याचं आहे.

मानसकार

मान्य. रामराज्य नव्हतं, मी तसं म्हटलेलंही नाही. मला बांधाची शिस्त हवी आहे, गावकाराचा तोरा नको. दोन्ही वेगळं करता येतं का, हाच खरा प्रश्न.

पुण्याहून_आलेली

गोव्यात येऊन नऊ वर्षं झाली, तरी "पुण्याच्या का?" हा प्रश्न चुकत नाही, म्हणून आयडीच तसा घेतला.

पुण्यातलं सांगते. २००६पासून तिथे नागरिकांच्या सूचनांनी अंदाजपत्रकाचा एक भाग ठरवायची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, तुम्ही लिहायचं, इथे बाकडं हवं, इथे पादचाऱ्यांचा रस्ता नीट करा. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रेची, १९८९ची (म्हणजे पोर्तुगीज बोलणाऱ्यांचीच, गोंयकारांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही). मी तीन वर्षं फॉर्म भरले. एकदा बाकडं आलं! त्यावर नगरसेवकाचं नाव रंगवून. बाकड्यावर बसताना त्या नावाला पाठ लागायची, तेवढंच समाधान. पुढच्या वर्षी पाय मोडला बाकड्याचा, आणि आम्ही सगळे कोण दुरुस्त करतं ते बघत बसलो. मागून घेतलेल्या वस्तूची आपल्याला काळजी नसते. मागणं वेगळं आणि राखणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

इटलीतल्या बोलोन्यात याच्या उलट झालं. काही बायकांना आपल्या चौकात स्वखर्चाने बाकडी द्यायची होती. त्यांना एका खात्यातून दुसऱ्या खात्यात इतकं फिरवलं की शहरालाच लाज वाटली असावी. २०१४ला महापालिकेने नियमावली केली: बाग, भिंत, रिकामी इमारत, काहीही असो, रहिवाशांनी प्रस्ताव द्यायचा, मग पालिका आणि रहिवासी यांच्यात लेखी करार, कोण काय करणार, किती काळ, अपघात झाला तर कोण बघणार. मालकी पालिकेचीच, पण राखणाऱ्याला कागदावर जागा. नंतर इटलीतल्या शंभराहून जास्त गावांनी तशाच नियमावल्या केल्या.

तुमच्या बांयला नेमका हा कागद नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल, २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळवणाऱ्या पहिल्या बाई. त्याआधी १९६८मध्ये हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने लिहिलं होतं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडणार आणि कुरण संपणार. बाईंनी स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे पाट, जपानमधली गावची रानं तपासून दाखवलं की लोक नियम करतात आणि शतकानुशतकं पाळतातही. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातली फड पद्धत तशीच, पाण्याची पाळी ठरलेली, पाटकरी ठेवलेला. अशा टिकलेल्या व्यवस्थांत काय सारखं होतं, त्याचे आठ मुद्दे त्यांनी मांडले. कोण सभासद ते स्पष्ट हवं, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, लक्ष ठेवणारा हवा, पहिल्या चुकीला लहान दंड मग मोठा, भांडण मिटवायची स्वस्त जागा हवी, वगैरे. सातवा मुद्दा असा, की वरच्या सत्तेने निदान त्यांचा नियम करण्याचा हक्क मान्य करावा. वाड्यावरच्यांचं गाडं तिथेच रुतलंय.

गाळपंप

बाई बरोबर बोलतात, पण पावसाळ्याआधी गटार उपसायला आमच्या इमारतीतले किती जण आले ते विचारा. चोवीस फ्लॅट. आले दोन. त्यातला एक मी, आणि दुसरा फोटो काढायला.

उलट चवथीला सार्वजनिक गणपतीची वर्गणी बघा, पंधरा दिवसांत मांडव, लायटिंग, नाटक, पावती पुस्तकाचा हिशेब पैशापैशाचा. हीच माणसं! मग गटारापाशी काय होतं यांना?

सोपोमाफ

गाळपंप, गणपतीला दाखवायला काहीतरी असतं, गटार उपसल्यावर दाखवायला गटारच असतं.

पण माणसं स्वतःहून नियम पाळत नाहीत हे मला पटत नाही. माझी आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बत्तीस वर्षं बसली. मिरच्या, सोलां, नाचणी, मे महिन्यात पुरुमेंताचा (पावसाळ्याच्या बेगमीचा) माल. कुठल्या बाईची जागा कुठली, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. शिवोलीची एक म्हातारी खांबाला टेकून बसायची. ती वारल्यावर तिची सून येईपर्यंत दोन महिने ती जागा रिकामी राहिली. कुणी बसलं नाही, शेजारणीने तिथे नुसती टोपली ठेवून जागा राखली. सून नवखी, तिला भाव सांगायला पण शेजारणीच. सोपो (बाजारात बसायची फी) घ्यायला माणूस यायचा, पावती फाडायचा. त्याला जागा मोजता यायची, कुणाची ते त्याला माहीत नसायचं आणि गरजही नव्हती.

बाहेरून नवा विक्रेता आला तर? हे विचाराल म्हणून आधीच सांगते. आधी शेवटी, ओट्याच्या पलीकडे उन्हात. वर्षभर टिकला, कुणाचा भाव पाडला नाही, तर हळूहळू सावलीत. कठोर होतं. पण दार बंद नव्हतं.

उतारा_एक_चौदा

कोर्टातून आलो. पहिला प्रश्न राहिला होता.

कोमुनिदादीची जमीन नावावर करून मागू नका, त्या वाटेने गेलात तर गावकारांची सर्वसाधारण सभा, मग सरकारी मंजुरी, आणि मध्येच कुणीतरी हायकोर्टात. शिवाय २०२५मध्ये कोमुनिदादीच्या जागेवरची २०१४ आधीची घरं नियमित करण्याचा कायदा झाल्यापासून वातावरण आधीच तापलंय. जागेचा विषय काढला की गावकारांना वाटतं आणखी एक अतिक्रमण आलं. त्यांची भीतीही अगदी पोकळ नाही, त्यांच्या बऱ्याच जमिनी अशाच गेल्यात.

तुम्ही फक्त देखभालीची आणि पाणी वापरण्याची परवानगी मागा. मुदतीची, तीन वर्षांची म्हणा, त्यांच्या व्यवस्थापन समितीची निवडणूकही तीन वर्षांनीच असते. मालकीवर हक्क सांगणार नाही असं स्वतः लिहून द्या. अर्ज चौदा घरांच्या सहीने न करता एखादी नोंदणीकृत संस्था करून करा. तुमच्या दोन गावकार घरांना पुढे ठेवा, तेच सभेत ठराव मांडू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११चा जगपाल सिंग निकाल सोबत जोडा. पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावरच्या अतिक्रमणाचा खटला होता. गावाच्या सामायिक जागा सामायिकच राहिल्या पाहिजेत, राज्यांनी अतिक्रमणं हटवायच्या योजना कराव्यात, असा आदेश. गावांपुरता आहे, शहरांना थेट लागत नाही, पण कागदाच्या गठ्ठ्यात वजन येतं.

चंदगडी

मी इथे वाचक. आज पहिल्यांदा लिहितोय.

मी गोव्यात अकरा वर्षं आहे, भाड्याच्या खोलीत. एसी दुरुस्तीचं काम करतो. आमच्या चाळीत आठ खोल्या, नळ एक, तोही दिवसाआड. मालक वरच्या मजल्यावर, त्याला बोअर आहे.

वाड्यावरचा यांना एक विचारायचं होतं. तुमच्या चौदा घरांत भाड्याने राहणारे किती? गाळ काढायला जी तीन माणसं लावली ती कुठली? रागाने विचारत नाही. आमच्या इथेही विहीर उपसली होती दोन वर्षांपूर्वी. मी आणि माझा भाऊ दोघं आत उतरलो, दोरीला लोंबकळून, फुकट, कारण शेजाऱ्यांनी बोलावलं. नंतर पाण्याची पाळी ठरवायला मीटिंग झाली, त्यात म्हणाले, भाडेकरू आज आहेत उद्या नाहीत, घरमालकांनीच सही करावी. सही नाही तर पाळी नाही. मी आणखी चार वर्षं तिथेच आहे. ज्यांनी सही केली त्यांतले दोघं दुबईला गेले.

फोंडेकर_६७

चंदगडी, तुमची पोस्ट वाचून आजी आठवली. पाट्या वाहायच्या आणि झोण नाही. नाव बदललं, गोष्ट तीच.

वाड्यावरचा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण चंदगडींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते लिहायला जड जात होतं. चौदा घरं म्हणालो ती सगळी मालकांची. वाड्यावर भाड्याच्या खोल्या अकरा आहेत, आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. गाळ काढणारे तिघे त्याच अकरा खोल्यांतले. मजुरी दिली होती, हा आमचा बचाव.

रविवारी कठड्यापाशीच बैठक घेतली, या वेळी अकरा खोल्यांनाही निरोप दिला. सात आले. मी मानसकारबाबांची 'आधी बांध, मग झोण' ही ओळ वाचून दाखवली. मावशी म्हणाल्या, हे तर माझे वडील म्हणायचे, ते काय नवीन सांगतोस. मग नियम ठरले. जो पाणी भरतो आणि पाळीच्या रविवारी साफसफाईला येतो तो सभासद, घर त्याचं असो नसो. घर आहे पण पाणी भरत नाही, तर मत नाही. महिन्याला पन्नास रुपये, त्यातून आधी जाळी, दोर, पंप. गाडी धुवायची नाही. टँकर भरायचा नाही, कुणासाठीही, लग्न असलं तरी. पंप सकाळी सहा ते आठ. नियम मोडला तर पहिल्यांदा सांगायचं, दुसऱ्यांदा एक पाळी बंद, तिसऱ्यांदा महिनाभर.

यावर दोन घरं उठून गेली. त्यातलं एक गावकाराचं, म्हणजे उताराबाबांनी सांगितलेला ठराव मांडणारं घर आता एकच उरलं. "उद्या हेच आमच्या डोक्यावर बसतील" असं म्हणून गेले. त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं. सोपोमाफबाय, तुमच्या आईच्या बाजारात नवख्याला वर्षभर उन्हात बसावं लागायचं. आम्ही लगेच सावलीत घेतलं. बरोबर केलं की घाई केली, माहीत नाही.

सोपोमाफ

आई इथेच बसलीय, तिला वाचून दाखवलं. म्हणते, बाजारात बसायला जागा कमी असते, बांयत पाणी परत भरतं. त्यामुळे तिथे उन्हात बसवायची गरज नाही. आणि उठून गेलेल्यांच्या घरी चवथीला नेवऱ्या पाठवा, बायका परत येतात आधी, मग पुरुष.

पुण्याहून_आलेली

आईंना नमस्कार. त्या सातव्या मुद्द्यासाठी काहीतरी करायला हवं. पालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभा येईपर्यंत थांबायचं नसेल तर नगरसेवकाला त्या रविवारी कठड्यापाशी बोलावता येईल का? भाषणाला नको, नुसतं उभं राहून ऐकायला.

मानसकार

बोलवा, पण हाती फावडं द्या.

उतारा_एक_चौदा

अर्जाचा मसुदा व्यनि (खासगी निरोप) केलाय. 'सभासद' या शब्दाची व्याख्या तुमच्या नियमातलीच घातली आहे. कुणी आक्षेप घेतला तर मला बोलवा, हजेरीची फी बांयचं एक घागर पाणी.

चंदगडी

रविवारी किती वाजता असतं?

वाड्यावरचा

साडेसहा. दोर आमचा जुना झालाय, तुमच्याकडे चांगला असला तर आणा. चहा या वेळी खोली नंबर चारकडून. आणि गाळपंप, तुमचा मोबाइल निळा होता का? मागे साईबाबांचा स्टिकर?

गाळपंप

माझ्या बायकोचा होता! मी तिला तिकडे चोरीला गेला म्हणून सांगितलंय. स्टिकर काढून टाका.